असिसीची यात्रा सुरू करावी ती डोंगराखालून

इटलीतलं असिसी, सकाळचे पावणेसात. बाहेर इतकं धुकं होतं की समोरची सांता मारिया देल्यी आंजेली ही प्रचंड बॅसिलिका अर्धीच दिसत होती. आत शिरल्यावर आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशींनी हळूच विचारलं, "फादर, आपलं ते लहान चर्च कुठंय?" फादरांनी घुमटाखाली बोट दाखवलं. तिथं दगडी भिंतींचं, सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद, जुन्या घराची ओटी असावी एवढं एक चर्च उभं आहे. चर्चच्या पोटात चर्च. तेच पोर्सिउंकुला. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या बंधूंचा संघ इथं रुजला, त्याच्या वाटेने निघालेल्या संत क्लेअरने संसार सोडताना इथंच केस कापून घेतले आणि फ्रान्सिसने प्राण सोडला तोही इथून चार पावलांवर. मावशी दारातच गुडघ्यांवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

आमच्या तिसऱ्या संघाला गेल्या वर्षी 25 वर्षं झाली, त्यानिमित्त आम्ही एकोणीस जण गेलो होतो. तिसरा संघ म्हणजे संसारात राहून फ्रान्सिसच्या वाटेने चालणाऱ्यांचा. पहिला बंधूंचा, दुसरा क्लेअरच्या भगिनींचा, आणि तिसऱ्याची पहिली नियमावली 1221 सालची. आम्हा वसईकरांना ही वाट परकी नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधूच होते. 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर त्यांनी रक्त सांडलं, पण त्या झऱ्याचं मूळ असिसीत आहे. ते एकदा डोळ्यांनी बघावं, ही आमची पहिल्या वर्षापासूनची इच्छा होती.

मागून जाणाऱ्यांना पहिला सल्ला: असिसीला निदान तीन रात्री द्या. आम्हाला मिळालेल्या पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत असिसीसाठी चार तास होते, रोमहून निघून पुढच्या मुक्कामाला जाताना वाटेत "दर्शन". दोनदा सांगूनही बदल होईना, तेव्हा आम्ही ती सहलच सोडली आणि आखणी स्वतः केली. चार तासांत बस डोंगरावर जाते, लोक संत फ्रान्सिसची थोरली बॅसिलिका बघतात, जपमाळा विकत घेतात आणि परततात. पण आपला संघ डोंगरावर सुरू झालाच नाही. तो खाली सपाटीवर, शेतांमध्ये, कुष्ठरोग्यांच्या वस्तीजवळ सुरू झाला.

म्हणून मुक्कामही खालीच करा. असिसीचं रेल्वे स्टेशन खाली सांता मारियालाच आहे, बॅसिलिका तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. रोमहून थेट गाडीने साधारण दोन तास लागतात, काही गाड्या फोलिन्योला बदलाव्या लागतात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्या. राहायला मठांची अतिथीगृहं आहेत, स्वच्छ आणि साधी. मात्र रात्री ठरावीक वेळेला दार बंद होतं, ते आधी विचारून ठेवा. खाली राहिल्याने गुडघेदुखीच्या मंडळींना चढ लागत नाही, आणि पहाटे, सहलींच्या बसगाड्या यायच्या आत, पोर्सिउंकुलात शांत बसता येतं.

व्हिसाचं थोडक्यात. इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. गटातल्या सर्वांचे अर्ज एकाच आठवड्यात टाका. आमचे दोन अर्ज मागे राहिले आणि त्या दोघांचा जीव शेवटपर्यंत टांगणीला लागला होता.

ठिकाणं बघताना आम्ही इतिहासाचा क्रम धरला. 1205 च्या सुमारास सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रुसावरच्या ख्रिस्ताने फ्रान्सिसला म्हटलं, माझं घर मोडकळीला आलंय, ते दुरुस्त कर. मग 1208 मध्ये पोर्सिउंकुलात त्याने शुभवर्तमान ऐकलं: वाटेसाठी सोनं नको, चांदी नको, झोळी नको. त्याच वर्षी बर्नार्डसारखे पहिले सोबती आले. 1209 मध्ये रोमला जाऊन पोप तिसरे इनोसंट यांची तोंडी मान्यता घेतली, आणि परतल्यावर ही मंडळी रिवोतोर्तोच्या एका झोपडीत राहिली. त्यानंतर पोर्सिउंकुला हेच त्यांचं घर झालं. हा क्रम डोक्यात असला की प्रत्येक जागा पुढच्या जागेकडे नेते.

रिवोतोर्तोला फारसं कुणी जात नाही. सांता मारियापासून ते तीनेक किलोमीटरवर आहे, रस्ता सपाट. आम्ही जपमाळ म्हणत चालत गेलो. तिथल्या चर्चच्या आत त्या झोपडीची आठवण दगडात बांधून ठेवली आहे. वाकून आत जावं लागतं. जागा इतकी अपुरी होती की कुणी कुठं बसायचं, कुठं निजायचं हे कळावं म्हणून फ्रान्सिसने तुळयांवर बंधूंची नावं लिहिली होती. पुढे एका शेतकऱ्याने आपलं गाढवच आत घुसवलं, तेव्हा भांडत न बसता सगळे जागा सोडून निघून गेले. आम्ही एकोणीस जण पाळीपाळीने आत गेलो आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या मनात तुळयांवरची नावंच राहिली. माझ्यापुरतं सांगायचं तर पोर्सिउंकुलाखालोखाल मला हीच जागा भिडली. कार्यक्रम आखणारे तिला गाळतात याचं वाईट वाटतं.

सान दामियानोला आमची एक चूक झाली. दुपारी बारानंतर पोचलो तर दार बंद. ही मधल्या सुट्टीची पद्धत तिथल्या बऱ्याच लहान चर्चमध्ये आहे, तेव्हा वेळा पाहूनच निघा. दोन वाजेपर्यंत आम्ही बाहेरच्या ऑलिव्हच्या झाडांखाली बसलो. नोव्हेंबर असल्याने झाडांखाली जाळ्या पसरून फळं उतरवणं चालू होतं. आत क्लेअर आणि तिच्या भगिनींची भोजनशाळा आहे, काळवंडलेली लाकडी टेबलं, आणि क्लेअरच्या जागेवर ठेवलेली फुलं. ती इथं चाळीसहून अधिक वर्षं राहिली. 1225 मध्ये, डोळे जवळजवळ गेलेले असताना, फ्रान्सिसने सूर्यस्तोत्र रचायला घेतलं तेही इथंच. ज्याला ऊन सोसवत नव्हतं त्याने सूर्याला भाऊ म्हटलं! इथला क्रूस ही प्रतिकृती आहे. मूळ क्रूस वर शहरात संत क्लेअरच्या बॅसिलिकेत आहे, तो बघायला विसरू नका. जिने अरुंद आहेत, व्हीलचेअर नेणं अवघड. शहराच्या पोर्ता नुओवा वेशीपासून सान दामियानो पंधरा-वीस मिनिटांची उतरण आहे, पण परतीचा चढ वयस्कांचा दम काढतो. त्यांच्यासाठी टॅक्सी ठरवा.

वर जायला स्टेशनावरून बस आहे, तिकीट आधीच दुकानातून घ्या. आम्ही बसने वर गेलो आणि विटांच्या पायवाटेने उतरलो. त्या विटांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेत आधी तळघरातली कबर, मग खालचं चर्च, शेवटी वरचं, असं वर चढत जा. शरीर इतकं खोल लपवलं होतं की ते 1818 मध्ये सापडलं. वरच्या चर्चमधली फ्रान्सिसच्या जीवनाची 28 भित्तिचित्रं आम्ही एकेक करून पाहिली. 1997 च्या भूकंपात इथलंच छत कोसळून चौघे गेले, त्यांच्यासाठीही प्रार्थना केली. फोटो काढायला बंदी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. डोंगरातल्या एरेमो देल्ले कार्चेरीला, म्हणजे फ्रान्सिसच्या एकांतवासाच्या जागेला, आमच्यातले सातच जण जाऊ शकले. धडधाकट असाल तर जरूर जा.

गटाची मिस्सा (ख्रिस्ती उपासना) हवी असेल तर बरेच आधी लिहून वेळ ठरवा, आणि सोबतच्या फादरांनी आपल्या धर्मप्रांताचं पत्र बरोबर घ्यावं. खुद्द पोर्सिउंकुलात जागा मिळणं कठीण. आमची मिस्सा शेजारच्या चॅपेलमध्ये झाली. आम्ही मुद्दाम 17 नोव्हेंबर धरला होता, हंगेरीच्या संत एलिझाबेथचा सण, ती तिसऱ्या संघाची आश्रयदात्री. मिस्सानंतर पोर्सिउंकुलासमोर उभं राहून आम्ही आमची वचनं मराठीत पुन्हा म्हटली. पंचवीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा म्हणणारे आमच्यात पाचच जण होते.

शेवटच्या संध्याकाळी ट्रान्झितोच्या कोठडीपाशी गेलो. 3 ऑक्टोबर 1226 ला फ्रान्सिसने उघड्या जमिनीवर निजून देह ठेवला ती ही जागा. तिथं आमच्या संघातल्या गेलेल्या सोबत्यांची नावं वाचायची होती. यादी घरून लिहून न्यायला हवी होती, तुम्ही तरी न्या. आम्ही ती बाकावर बसून आठवत लिहिली. दहा नावं झाली, अकरावं काही केल्या आठवेना. मावशींनी घरी फोन लावला. इथं साडेपाच, तिकडे रात्रीचे दहा. सुनेने जुनी वही शोधली आणि नाव सांगितलं. मावशींनी ते कागदावर सगळ्यांत वर लिहिलं, आणि पहिलं तेच वाचलं.