तुम्ही विचारलंत म्हणून : फ्रँचायझी कधी द्यायची?

हॉटेलांचे हिशेब बघणाऱ्या मला हा प्रश्न हमखास येतो : "घरचं हॉटेल जोरात चालतंय, लोक फ्रँचायझी मागतायत, म्हणजे आमच्या नावाने हॉटेल काढायची परवानगी. देऊन टाकू का?"

आधी स्वतःची दुसरी शाखा काढा, आणि तिथे घरातल्या कुणीही उभं राहू नका. सहा महिने नेहमीच्या गिऱ्हाइकाने तिथल्या मिसळीला नाव ठेवलं नाही, तर पुढचं बोलू.

घरच्या हॉटेलात चव माणसाच्या हातात असते. कटाला मसाला किती, असं विचारलं की काकू म्हणतात, "अंदाजानं." मोजून घाला म्हटलं की त्यांचा हात अवघडतो. म्हणून मसाल्याचा डबाच काट्यावर ठेवायचा. त्या नेहमीसारखा मसाला घेतात, आपण आधीचं आणि नंतरचं वजन मांडत जायचं. आठवडाभरात आकडा हाती लागतो, आणि त्यांच्या हाताची शिस्त बघून मी दर वेळी थक्क होतो. मग बाकीचं उलगडतं. कोरडा मसाला पाकिटात भरून कुठेही जाईल. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र टिकत नाही, ते जागेवरच करावं लागणार. मसाला कुटण्याचं काम कधीही दुसऱ्याला देऊ नका, अगदी जवळच्या नातेवाइकालाही नाही.

मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४८मध्ये सॅन बर्नार्डिनोतलं आपलं चालतं हॉटेल बंद ठेवलं, पंचवीसेक पदार्थांचे नऊ केले आणि स्वयंपाकघर नव्याने मांडलं. पुढे मोठं स्वयंपाकघर बांधताना टेनिस कोर्टावर खडूने शेगड्या आखून कामगारांना त्यात वावरायला लावलं. मेहनत दोघा भावांची. पण १९६१मध्ये त्यांच्या फ्रँचायझी विकणाऱ्या रे क्रॉकने २७ लाख डॉलरला नावासकट धंदा विकत घेतला, आणि भावांकडे राहिलेल्या मूळ हॉटेलावर त्यांना स्वतःचंच आडनाव लावता येईना. मला याचं आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे नावाचा घोळ घरातच असतो. परवाना आजोबांच्या नावावर, गल्ल्यावर थोरला, भटारखान्यात धाकटा, आणि ट्रेडमार्क, म्हणजे नावाची कायदेशीर नोंदणी, कुणाचीच नाही. भावाभावांत हे आधी मिटवा. भागीदारी फर्म करा आणि नाव फर्मच्या मालकीचं करा. ट्रेडमार्कच्या अर्जात हॉटेलसेवेसाठी वर्ग ४३, पाकिटातल्या मसाल्यासाठी वर्ग ३०; नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण.

भारतात फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात जे लिहाल त्यावरच सगळी भिस्त. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू दिल्याबद्दलचा तुमचा हिस्सा, विक्रीवर घ्या. नफा कागदावर हवा तसा दाखवता येतो. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच आकडा ठरवा. मसाला तुमच्याकडूनच घ्यायचा, हे कलम हवंच. आणि करार संपल्यावर पाटी किती दिवसांत उतरवायची, तेही दिवसांच्या आकड्यासकट लिहून घ्या.