पलात्सो मास्सिमो, रोम: नाण्यांचं तळघर आधी गाठा

टर्मिनी स्टेशनजवळच्या या संग्रहालयात बहुतेक जण वरून सुरुवात करतात आणि नाण्यांपाशी पोचतात तेव्हा पायांचे तुकडे पडलेले असतात. उलटं करा. वरची भित्तिचित्रं सुंदर आहेत, ती दमल्यावरही दिसतात. १८ मिलिमीटरचं नाणं दिसत नाही. सोमवारी बंद. खिशातलं दहापटीचं भिंग काचेबाहेरून कुचकामी, कारण ते वस्तूपासून अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. तीनपटीचं न्या.

‘ब्राँझची नाणी’ या नावाने फसू नका. ही तीन प्रकारची रोमन नाणी: पहिला सम्राट ऑगस्टसनंतरचं सेस्टर्शियस (साधारण २५ ग्रॅम) आणि दुपोंडियस चक्क पितळेचं, ‘अस’ तांब्याचं. गंज चढला की दुपोंडियस आणि अस सारखेच दिसतात. नीरोच्या काळापासून पुढे सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असेल तर बहुधा दुपोंडियस.

मागच्या बाजूच्या देवींचे चेहरे बघण्यात वेळ घालवू नका, हात बघा. सुकाणू असेल तर फोर्चुना, नशिबाची देवी. कणसं आणि शेजारी पायलीसारखं माप असेल तर अन्नोना, म्हणजे ‘रोमला धान्य पोचतंय’ ही सरकारी जाहिरात. खजुराखाली खिन्न बसलेली बाई म्हणजे सम्राट वेस्पासियनने हरवलेला ज्यूडिया, म्हणजे ज्यूंचा प्रदेश. मोठं ‘एस सी’ देवाचं नाव नव्हे, ‘सिनेटच्या ठरावाने’.

खरा घाट चौथ्या शतकाचा. बारकी, काळपट नाणी, सगळी एकसारखी. इथेच माणसं कंटाळून निघतात. थांबा. ३३० च्या सुमाराच्या नाण्यांवर दोन सैनिकांच्या मध्ये दोन निशाणं आहेत. ३३५ नंतर नाण्याचं वजन घटलं आणि निशाणही एकच उरलं. लांडगीचं दूध पिणारी जुळी मुलं, म्हणजे दंतकथेतले रोमचे संस्थापकही इथेच, वर दोन तारे. सम्राट कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी वसवली त्याच वर्षी जुन्या रोमची ही मनधरणी!

रस्त्यावर ‘अस्सल’ म्हणून विकतात ते घेऊ नका. कडेला साच्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे किंवा अ‍ॅसिटोनने निघणारा हिरवा रंग दिसला तर बहुधा नक्कल. पहिल्या शतकातलं सेस्टर्शियस म्हणून १२ ग्रॅमचा तुकडा पुढे केला तर बोलणंच संपलं. आणि खरं निघालं तर जास्त पंचाईत: इटलीबाहेर नेण्याचे कागद मागा, विक्रेता आपणच दुसरीकडे बघू लागतो.