आमची वाटचाल : टिल्ट सेन्सर, चेंबर आणि परत आलेला लॉट

भोसरीच्या गाळ्यात आम्ही टिल्ट सेन्सर, म्हणजे कलण्याचा कोन मोजणारे सेन्सर, बनवतो. क्रेनच्या बूमला, ड्रिलिंग रिगच्या मास्टला, सोलर ट्रॅकरच्या टॉर्क ट्यूबला लागणारे. सुरुवातीची सगळी वर्षं एमपीयू-६०५० या चिपवर गेली (ती गुरुत्वाची दिशा आणि फिरण्याचा वेग, दोन्ही मोजते). माल जात होता, पैसे येत होते, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं ते राजस्थानातून परत आलेल्या चारशे नगांबद्दल. सोलर ट्रॅकरवर लागले होते. सकाळी सगळ्या रांगा एका कोनात, आणि दुपारी शेजारशेजारच्या रांगांत दोन-दोन अंशांचा फरक. एका पॅनेलचं दोन अंशांनी फारसं बिघडत नाही, विजेत हजारात एक भागही जात नाही. पण बॅकट्रॅकिंगच्या वेळी (सूर्य खाली असताना सावली टाळायला पॅनेल मागे वळवतात तेव्हा) एका रांगेची सावली दुसरीवर पडली की ओरड होणारच. लॉट रिजेक्ट, वर डेबिट नोट, आणि आधीच्या बिलांचे पैसेही अडकले. एमएसएमई कायद्यात ४५ दिवस लिहिलेत, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज लिहिलंय. ते मागायला गेलं की पुढची ऑर्डर जाते, हे लिहिलेलं नाही.

तापमानाची भरपाई आम्ही केली नव्हती असं नाही. डेटाशीट सरळ सांगते की ० ते ७० डिग्रीत एक्स आणि वाय अक्षांचं शून्य ±३५ मिलि-जी (जी म्हणजे गुरुत्व, मिलि-जी त्याचा हजारावा भाग) सरकू शकतं. आडव्या स्थितीत साडेसतरा मिलि-जी म्हणजे एक अंश, म्हणजे ही दोन अंशांची चूक चिपबरोबर फुकट येते. ती आम्ही मोजून काढत होतो. क्रम चुकला होता. बोर्ड उघडा असताना कॅलिब्रेट करायचा, दुरुस्तीचे गुणांक ईईप्रॉममध्ये (बोर्डवरच्या कायमच्या मेमरीत) टाकायचे, मग डबीत बसवून कडक इपॉक्सी ओतायचं. इपॉक्सी सुकताना आकसतं, आणि तापलं की दर डिग्रीला ५०-६० पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) फुगतं. एफआर-४, म्हणजे बोर्डचं मटेरियल, फुगतं १४-१७, चिपमधलं सिलिकॉन जेमतेम २.६. ही ओढाताण चिपच्या पॅकेजवर येते आणि शून्य नव्याने सरकतं. आमचे गुणांक ज्या बोर्डाचे होते, तो बोर्ड इपॉक्सी ओतल्यावर उरलाच नव्हता.

दुसरी चूक रेग्युलेटरची. २४ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट लिनिअर रेग्युलेटरने काढले होते. ३० मिलिअँपिअरला ०.६ वॉट उष्णता, आणि सेन्सर त्याच्या शेजारी. वीज दिल्यावर पहिली वीस मिनिटं बोर्डची एक बाजू गरम, दुसरी गार. चिपच्या आतला तापमापक एकच आकडा देतो, ही तफावत त्याला दिसत नाही. आता त्याच्याजागी कमी तापणारा बक कन्व्हर्टर बोर्डच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि सेन्सरभोवती तीन बाजूंनी एक मिलिमीटरची खाच. खाचेमुळे सुटलेली ही बोर्डची जीभ लांब ठेवू नका, क्रेनच्या कंपनात थरथरते. बोर्डही चारऐवजी तीन स्क्रूवर बसवा. चौथा स्क्रू आवळला की बोर्ड वाकतो आणि वाकण्याचा आकडा थेट शून्यात उतरतो.

आता क्रम असा: सोल्डरिंग, धुणं, −२० ते ७५ डिग्रीच्या दहा फेऱ्या, मग पॉटिंग, म्हणजे डबी भरणं (मऊ सिलिकॉन जेल; इपॉक्सी फक्त केबलच्या तोंडाशी), पुन्हा तीन फेऱ्या, आणि शेवटी कॅलिब्रेशन. पहिल्या दहा फेऱ्या वाचवायचा मोह होतो. वाचवू नका, सोल्डरचा ताण तिथेच सुटतो.

कॅलिब्रेशनला लागणारं डिव्हायडिंग हेड (नेमक्या कोनात फिरवायचं यंत्र) साताऱ्याच्या एका क्रेनवाल्या काकांचं. बाकीचे फोन उचलत नव्हते तेव्हा त्यांनी नवी ऑर्डर दिली आणि वर हे हेड टेंपोत घालून पाठवलं. चिंता त्यांनाही होती: २० मीटरचा बूम ६० अंशांवर असताना सेन्सरने ६२ दाखवले, तर त्रिज्या १० मीटरची ९.४ वाटते, आणि सेफ लोड इंडिकेटर झेपणार नाही तेवढ्या वजनाला हो म्हणतो.

हेड ४०:१ चं आहे. हँडलचा एक फेरा म्हणजे ९ अंश, १८ भोकांच्या वर्तुळावर एक भोक म्हणजे अर्धा अंश. हेड तापमान बदलणाऱ्या चेंबरच्या बाहेर, शाफ्ट भिंतीतून आत, मध्ये हायलमचा तुकडा, म्हणजे उष्णता हेडपर्यंत जात नाही. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवायचं, नाहीतर वर्मचा बॅकलॅश (दात्यांतला ढिलेपणा) मोजमापात शिरतो. हँडलच्या दहा फेऱ्यांना ९० अंश. चार स्थितींत दोन अक्ष होतात, तिसऱ्यासाठी फिक्स्चर काढून आडवं बसवतो. अधिक एक जी आणि उणे एक जी या दोन वाचनांची सरासरी म्हणजे शून्याची चूक, फरकाचा निम्मा म्हणजे स्केल. तापमानं सहा: −१०, १०, २५, ४०, ५५, ७०. प्रत्येकाला ४० मिनिटं थांबायचं, मग १०० हर्ट्झने ३० सेकंदांची सरासरी. सुरुवात सगळ्यात थंड तापमानापासून आणि सिलिका जेल आत ठेवून. पावसाळ्यात चेंबरचं दार मध्येच उघडलं की बोर्डवर दव धरतं.

सहा बिंदूंना तिसऱ्या घाताचा वक्र पुरतो. पाचव्या घाताचा वक्र सहाही बिंदूंतून नेमका जातो म्हणून मुलं खूश होतात. तो नॉइजमधूनही तितकाच नेमका जातो. आणि ७० च्या पुढे वक्र ताणू नका, शेवटची किंमत धरून ठेवा.

जायरोसाठी (चिपमधला फिरण्याचा वेग मोजणारा भाग) महागडं रेट टेबल, म्हणजे ठरलेल्या वेगाने फिरणारं टेबल, लागतं असं सगळे सांगतात. आमच्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. ३३⅓ आरपीएम म्हणजे सेकंदाला २०० अंश, चिपच्या २५० च्या रेंजमध्ये बसतो. ४५ चा वेग २७० होतो, तो नको. वेग अचूक असण्याचीही गरज नाही. खुणेवरून निघून दहा फेरे, पुन्हा खुणेवर थांबा, आधी मोजलेला बायस (स्थिर असतानाचं वाचन) वजा करून बेरीज करा: ३६०० यायला हवेत. तेवढं न येण्याचं जे प्रमाण, तीच स्केलची चूक. हे तीन तापमानांना केलं की काम भागतं. डबी हेअर ड्रायरने तापवू नका, एक बाजू तापते.

आमच्याच पट्ट्यात एकजण निम्म्या किमतीत विकतो. ब्रोशरवर ठळक '±०.१ अंश'. खाली बारीक अक्षरांत '२५ डिग्रीला', आणि त्याखाली आणखी बारीक, दर डिग्रीला ०.०२ अंश. ७० डिग्रीला ती चूक ०.९ होते. परचेसवाले पहिली ओळ वाचून तुलना करतात. मी दरवेळी कोटेशनमध्ये संपूर्ण तापमानपट्ट्याचा आकडा लिहितो, तो साहजिकच मोठा दिसतो, आणि ऑर्डर जाते. तुम्ही विकत घेणारे असाल तर एकच विचारा: ६० डिग्रीला काय?

एक गोष्ट अजून आम्हाला सुटलेली नाही. तापवत नेताना २५ डिग्रीला जे शून्य मिळतं, ते ७० वरून परत येताना मिळत नाही, दोन-तीन मिलि-जी इकडेतिकडे राहतं. सध्या चढतीचं आणि उतरतीचं असं दोनदा मोजतो आणि मधला वक्र ईईप्रॉममध्ये टाकतो. एका बॅचचा चेंबरमधला वेळ त्याने दुप्पट झाला आहे.