नव्वदच्या पुढचे चार सेंटिमीटर

गेल्या हिवाळ्यात कापसाची दुसरी वेचणी चालू असताना गावच्या आशाताई सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका गुणांनी मोजणारा) भरण्यासाठी घरी आल्या, तेव्हा मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने एक चिठ्ठी दाखवली. महिनाभरापूर्वी तालुक्याच्या गावी झालेल्या एका शिबिरात माझी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो आणि बीएमआय २२.८ भरला होता. आपल्याकडे २३ पासून पुढे वजन जास्त धरतात, म्हणून चिठ्ठीवर 'सामान्य' असा शिक्का होता. कंबरेचे माप मात्र तिथे कोणी घेतलेच नव्हते. विचारल्यावर मी पँटचा नंबर ३४ सांगितला आणि त्यांनी ८६ सेंटिमीटर लिहून घेतले.

आशाताईंनी चिठ्ठी बाजूला ठेवली. सदरा वर करायला लावून त्यांनी शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड बोटांनी चाचपले, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरली आणि म्हणाल्या, "भाऊ, पोट आत ओढू नका, श्वास सोडा." टेप ९४ वर थांबली. पँट पोटाच्या खाली बांधली जाते, हे मला वयाच्या ४७ व्या वर्षी प्रथमच लक्षात आले.

पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द आहे. हातपाय काटकुळे असले तरी पोटाच्या आत, यकृताभोवती साचणारी चरबी साखर आणि रक्तदाब वाढवते. बीएमआयमध्ये ती वेगळी दिसत नाही, कारण तो फक्त वजनाला उंचीच्या वर्गाने भागतो. कापूस विकणाऱ्याला हे कळायला जड नाही: काटा वजन सांगतो, ओलावा सांगत नाही.

फॉर्मवर वयाचे २, कंबरेचा १, वडिलांच्या मधुमेहाचे २ आणि रोजच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचे २ असे माझे ७ गुण झाले. (खर्रा 'कधीमधी' असे सांगून एक गुण वाचवण्याचा मोह झाला होता, पण पुडी खिशातून डोकावत होती.) चारच्या वर गुण गेले की तपासणी आधी करायची असते. उपकेंद्रात उपाशीपोटी साखर ११८ निघाली, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. रक्तदाब मात्र ठीक होता. आता दर तीन महिन्यांनी साखर पाहायची आहे, आणि वावरात दिवसभर राबतो म्हणून संध्याकाळी भाताचे दुसरे ताट घ्यायचे, हा हिशेब मोडायचा आहे.

खर्रा अजून पूर्ण सुटलेला नाही.

घरी शिंप्याची जुनी टेप होती, पण ती ताणली जाते म्हणून आशाताईंनी त्यांचीच टेप चार दिवस ठेवायला दिली. त्या टेपने मी सौभाग्यवतींचीही कंबर मोजली. दिसायला त्या माझ्याहून सडपातळ. माप ८४ भरले. टेप तिरपी धरली असे त्यांचे म्हणणे पडले, म्हणून त्यांनी ती हातातून घेऊन स्वतः मोजले. पुन्हा ८४ च भरले.