आमची वाटचाल : सोनोमाच्या थंड किनाऱ्यावरची शार्डोने

कॅलिफोर्नियात, सोनोमाच्या किनारी भागात, आम्ही शार्डोने या द्राक्षाची पांढरी वाइन करतो. आमच्या बाटलीवर ‘सोनोमा कोस्ट’ हे दोन शब्द छापण्याचा जितका हक्क आम्हाला आहे, तितकाच तो समुद्रापासून बराच आत, चांगल्या तापणाऱ्या जमिनीत द्राक्षे घेणाऱ्या मोठ्या कंपनीलाही आहे, आणि आमच्या व्यवसायाने जे सोसले त्यातले निम्मे या एका गोष्टीमुळे सोसले. १९८७ साली या नावाचा एव्हीए, म्हणजे सरकारने हद्द आखून दिलेला द्राक्षांचा प्रदेश, जाहीर झाला, तेव्हा त्याची हद्द सुमारे ७५० चौरस मैलांइतकी ऐसपैस आखली गेली. जिथे दुपारी बारापर्यंत धुके उठत नाही आणि जिथे सकाळी नऊलाच लख्ख ऊन पडते, अशा दोन्ही जमिनी त्या एकाच नावाखाली आल्या. लेबलसाठी कायदा एवढेच पाहतो की ८५ टक्के द्राक्षे त्या हद्दीतली असावीत. ती थंडीतली आहेत की उन्हातली, हे तो विचारत नाही.

आमची द्राक्षे येतात ती पेटालुमा गॅपमधून. किनाऱ्याच्या डोंगररांगेत इथे खिंड आहे, आणि आतला भाग तापला की थंड पॅसिफिकवरचा वारा रोज दुपारी तिच्यातून आत घुसतो. या वाऱ्यात वेलीची पाने आपली रंध्रे मिटून घेतात, पिकण्याची गती मंदावते, मणी लहान राहतात, साल जाड होते आणि साखर चढत असतानाही आम्लता टिकून राहते. आम्ही ज्या बागेतून द्राक्षे घेतो तिथले वेल जुन्या वेंटे निवडीचे, म्हणजे वेंटे घराण्याच्या बागेतून निवडलेल्या शार्डोनेच्या वंशातले आहेत. एकाच घडात वाटाण्याएवढे आणि मोठे असे दोन्ही मणी भरतात. एकरी माल मुळातच कमी, आणि फुलोऱ्याच्या वेळी वारा जोरात असला की तो आणखी घटतो. थंड किनाऱ्यावरच्या वाइनला जी लिंबाच्या सालीची धार आणि किंचित खारट शेवट असतो, त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

बागेचे मालक मूळचे दुग्धव्यावसायिक. जिथे त्यांच्या वडिलांच्या गाई चरत, तिथे त्यांनी वेल लावले. आमच्याकडे तेव्हा स्वतःची वायनरी नव्हती. भाड्याच्या जागेत, दुसऱ्यांच्या टाक्यांमध्ये आम्ही वाइन करत होतो, आणि अशा माणसांना बागेतल्या ओळी द्यायला कोणी तयार नव्हते. त्यांनी दिल्या. त्यांची एकच अट होती, की पैसे टनावर न देता एकरावर द्यायचे. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की करार करायचा तर असाच करा. टनावर पैसे ठरले की शेतकऱ्याला घड विरळ करणे परवडत नाही, आणि मग उगाच दोघांची तोंडे दोन दिशांना होतात.

नंतरची काही वर्षे ठीक गेली. आम्ही द्राक्षांचा रस काढणारा, हवेच्या दाबावर चालणारा जुना न्यूमॅटिक प्रेस विकत घेतला, जो आजही वायनरीत सर्वांत मानाच्या जागी उभा आहे. घड देठांसकट आत घालायचे, आतला फुगा अगदी हलक्या दाबाने फुगवायचा, सोडायचा, पुन्हा फुगवायचा. पहिला रस स्वच्छ आणि धारदार उतरतो. दाब वाढत जातो तसा पीएच चढतो, म्हणजे आम्लता उतरते, आणि जिभेला सालीचा कडवटपणा लागू लागतो. ती वेळ कोणताही मीटर आमच्याइतकी अचूक सांगत नाही. ट्रेखाली पेला धरून चाखत राहावे लागते, आणि कडवटपणा आला की रस वेगळ्या टाकीकडे वळवावा लागतो. शेवटच्या काही लिटरांचा मोह धरणारा वाइनमेकर पुढे वर्षभर त्या लिटरांची दुरुस्ती करत बसतो.

२०२०च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातली रेस्तराँ बंद झाली आणि आमची विक्री जवळजवळ थांबली, कारण आमचा बहुतेक माल रेस्तराँमध्येच जात होता. वितरकाने ठरलेली ऑर्डर रद्द केली आणि जाता जाता ऐकवले, की ‘सोनोमा कोस्ट’ शार्डोने त्याला दुसरीकडून निम्म्या भावात मिळते. ती कुठून मिळते हे आम्हाला पक्के ठाऊक होते. आमच्या थंडीने, आमच्या वाऱ्याने आणि आमच्यासारख्या छोट्या लोकांच्या कष्टाने त्या नावाला जी पत आली, ती उन्हातल्या द्राक्षांवर चिकटवून विकली जात होती, आणि त्याच नावाच्या जोरावर आम्हालाच महाग ठरवून बाहेर काढले जात होते. हा अन्याय मी विसरलेलो नाही.

त्यात ऑगस्टच्या मध्यावर कोरड्या विजा कोसळल्या आणि उत्तर कॅलिफोर्निया पेटला. ग्वेर्नव्हिलच्या बाजूची वॉलब्रिज आग सुमारे ५५,००० एकर गिळून गेली. धुराचे रेणू मण्याच्या सालीतून आत शिरतात आणि साखरेशी जोडले जाऊन लपून बसतात; रसात वास येत नाही, किण्वनात आणि पुढे बाटलीत तो सुटा होतो आणि वाइनला विझलेल्या शेकोटीची राखाडी चव येते. ग्वायाकॉल या धुराच्या रेणूचे अहवाल मिळायला प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे लागत होते, आणि तोपर्यंत घड वेलीवर थांबणारे नव्हते. मोठे खरेदीदार परिसरातले करार मोडत होते. आम्ही बागेतल्या वेगवेगळ्या ओळींचे घड बादल्यांमध्ये आंबवले आणि रोज सकाळी हुंगून, चाखून पाहिले. समुद्राचा वारा आमच्या बाजूला होता. वरच्या एका तुकड्याखेरीज बादल्या स्वच्छ निघाल्या. तो तुकडा आम्ही सोडला, उरलेला माल तोडला आणि प्रेसचा दाब नेहमीपेक्षाही लवकर थांबवला, कारण पांढऱ्या वाइनला साल रसात मुरू न देता बाजूला काढण्याची जी सवलत असते, तिचा पुरेपूर उपयोग करण्याचे ते वर्ष होते. रस कमी मिळाला, पण निर्मळ मिळाला.

पैसे मात्र नव्हते. बागमालकांनी निम्मे पैसे पुढच्या वर्षावर टाकले आणि त्याबद्दल कागदही मागितला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रेस्तराँच्या मालकीणबाई आमची वाइन सुरुवातीपासून घेत आल्या होत्या. त्यांचे स्वतःचे टेबल रिकामे असताना त्यांनी आमच्या पेट्यांचे पैसे आगाऊ दिले आणि घरी नेण्याच्या जेवणासोबत बाटल्या विकल्या. तशी परवानगी त्या वसंतात राज्याने दिली होती. बाई प्रत्येक गिऱ्हाईकाला बजावत, की ही बाटली फ्रीजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवा आणि मग उघडा. बर्फासारखी गार प्यायली तर किनाऱ्यावरची शार्डोने नुसती आंबट लागते, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि मी ते सगळ्यांना सांगतो.

डिसेंबर २०१७ मध्ये पेटालुमा गॅपला स्वतंत्र एव्हीए म्हणून मान्यता मिळाली होती, आणि २०२२च्या मे महिन्यात उत्तरेकडच्या खऱ्याखुऱ्या किनाऱ्यालाही ‘वेस्ट सोनोमा कोस्ट’ हे वेगळे नाव मिळाले. इतकी वर्षे आम्ही जे ओरडून सांगत होतो, ते आता सरकारी कागदावर आहे. ‘सोनोमा कोस्ट’चा आमचा हक्क शाबूत असूनही आम्ही आता लेबलवर ठळक अक्षरांत ‘पेटालुमा गॅप’ छापतो, बागेचे नाव त्याखाली येते, आणि किमतीबद्दल कोणी घासाघीस केली तर त्याला दुपारी चार वाजता त्या बागेत उभे करतो.

त्या वितरकाने अलीकडे पुन्हा निरोप पाठवला होता. थंड भागातल्या शार्डोनेला मागणी आहे, असे त्याचे म्हणणे होते. आमचा माल यंदाही आधी मालकीणबाईंकडे जाईल, उरलेला थेट गिऱ्हाइकांना. निरोपाला उत्तर दिलेले नाही, आणि देण्याचा विचारही नाही.