ट्राउट चोखंदळ, चार मासा रंगाला भुलणारा

आजची दुपार बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी पुतण्याबरोबर फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेले मासेमारीचे नकली किडे, बांधण्यात गेली. तो उत्तर स्वीडनला परत निघालाय. तिथल्या नदीत ट्राउट आणि आर्क्टिक चार (char) हे दोन्ही मासे आहेत. ट्राउट फार चोखंदळ. पाण्यावर जो किडा उडत असेल, साधारण त्याच मापाचा, त्याच रंगाचा फ्लाय हवा. कॅडिस नावाचे किडे उडत असतील तर हरणाच्या केसांचा, तरंगणारा, १४ किंवा १६ नंबरच्या गळावरचा (नंबर मोठा तितका गळ लहान). चार मासा मात्र गुलाबी, नारिंगी अशा भडक रंगांवरही झेपावतो. त्याच्यासाठी फ्लायच्या डोक्याला टंगस्टनचा जड मणी, म्हणजे फ्लाय झटकन खोल जातो.

मोरपिसाचे तंतू गळावर गुंडाळले की हिरवट-तांबूस झळाळी येते, ते फ्लाय ट्राउटला फार आवडतात म्हणे. बडोद्यात मोर कमी नाहीत, पण मोरपीस परदेशी न्यायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. म्हणून ते काम तो तिकडेच करेल.

सहा तास मान खाली घालून बसलेला हा मुलगा बघून फार बरं वाटलं. मी त्याला तपकिरी फ्लाय जास्त ठेवायला सांगितलंय. तो म्हणतो, "काका, गुलाबीच जास्त लागतील."