न बसलेला गूळ आणि रसाचा सामू

प्रयोगशाळेत माझ्याकडे बहुधा माती आणि पाण्याचे नमुने येतात; त्या दिवशी मात्र करवीर तालुक्यातील एक गुऱ्हाळमालक मला थेट गुऱ्हाळावरच घेऊन गेले. लागोपाठच्या आधणांचा गूळ बसत नव्हता. ढेपा चिकट राहून कडांना पाझरत होत्या आणि सारा दोष गूळ शिजवणाऱ्या गुळव्यांच्या माथी मारून त्यांची मजुरीही कापली गेली होती.

"मॅडम, गोळी पाण्यात टाकून नेहमीसारखीच बघितली. हात तोच, रस साफ करायची भेंडी तीच. रसातच कायतरी हाय," गुळवे म्हणाले.

रसाचा हिरवट रंग चाचणीच्या कागदी पट्टीवर चढतो, म्हणून मी सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएच हा आकडा, मोजणारा मीटर नेला होता. सामू ४ आणि ७ असलेल्या द्रावणांवर तो जुळवून घेतला आणि घाण्यातून पडणाऱ्या रसात बुडवला. आकडा ४.६ वर स्थिरावला. ताज्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.५ असतो. फरक किरकोळ वाटेल. पण सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या या मोजपट्टीवर एक अंक उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे हा रस ताज्या रसाच्या किमान चौपट आम्लधर्मी होता.

चौकशी केली तेव्हा कळले, की वाहतूक खोळंबल्यामुळे तोडलेला ऊस काही दिवस फडातच उन्हात पडून होता. अशा उसात कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि साखरेपासून आम्ल तयार करतात. तो रस काहिलीत उकळू लागला, की आम्ल आणि उष्णता मिळून उसाची साखर ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये फोडतात; या साखरा ओल धरून ठेवतात आणि कण जमू देत नाहीत. मग गुळव्याचा हात कितीही कसलेला असो, ढेप घट्ट होणार कशी?

मालकांनी जास्त चुना घालण्याचे सुचवले. चुन्याच्या निवळीने सामू सहाच्या थोडा वर आणला, तर पुढची फूट मंदावते. परंतु फुटलेली साखर पुन्हा जुळत नाही आणि चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. उरलेल्या शिळ्या उसाची काकवी करावी, असे मी सुचवले, कारण काकवीत खडे धरू नयेत म्हणून आपण मुद्दाम थोडे सायट्रिक आम्ल घालतोच.

पुढच्या ताज्या तोडीच्या रसाचा सामू ५.३ भरला आणि गूळ व्यवस्थित बसला. दोष उसाच्या शिळेपणात होता, गुळव्यांच्या कामात नव्हता, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले. कापलेली मजुरी मालकांनी त्याच आठवड्यात चुकती केली.